खिडकीत कोण बसतं?

२ मार्च

पोचलो. दोन ट्रंका, पुस्तकांची चार खोकी आणि सर्वांत शेवटी मी, असा महत्त्वाच्या क्रमानं ऐवज ताईच्या दारात उतरला. ताई खिडकीतल्या खुर्चीत स्वागताला सज्ज होती. म्हणाली, या पंडित, हाड मोडल्यावर सगळेच येतात, जुळत आल्यावर येणारा तू पहिलाच.

गेल्या महिन्यात ती पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड गेलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. डॉक्टर म्हणतात, एप्रिल उजाडेपर्यंत काठी घेऊन चालू लागेल. तोवर तिचं जेवण, औषध आणि पाणी माझ्याकडे. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शाळेत मुख्याध्यापिका होती, घरात ते पद तिला जन्मतःच मिळालेलं. मला संस्कृत तिनंच शिकवलं. पद्धत सोपी होती : समोर पाण्याचा पेला ठेवायचा, मी 'लता'ची रूपं म्हणायची, आणि चुकलो की पेला एक वीत मागे. इतरांना त्यांची भाषा दुधातून येते, मला देवभाषा तहानेतून आली.

गल्ली मात्र बघत राहावी अशी. समोरासमोर सात-सात बैठी घरं, आणि प्रत्येक भिंतीवर वेल अशी फुललेली की वीट दिसू नये. शेंदरी, जांभळी, गुलाबी, काय विचारू नका. आणखी एक गोष्ट मनाला फार भावली. प्रत्येक घराच्या खिडकीत एक खुर्ची, आणि तीत कोणीतरी वडीलधारं माणूस. म्हाताऱ्यांना मागच्या खोलीत न ढकलता फुलांच्या चौकटीत बसवणारी गल्ली मी पहिल्यांदाच पाहिली. मी गाडीतून उतरलो तेव्हा त्या सगळ्यांनी हात वर केले. मीही दोन्ही हात हलवून सर्वांना उत्तर दिलं. इतकं अगत्य माझ्या वाट्याला सहसा येत नाही.

बोडकी भिंत या गल्लीत एकच. आमची.

४ मार्च

ती बोडकी भिंत हेच माझ्या येण्याचं अर्धं कारण आहे, हे ताईला सांगितलेलं नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

गेली नऊ वर्षं मी एका साप्ताहिकात 'बागेतून पत्र' हे सदर लिहितो. या नऊ वर्षांत मी एकही रोप लावलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पुस्तकं उघडून आणि खिडकी लावून, मी लोकांना कलमं करायला शिकवली. कोणाचं काही बिघडलं नाही. पण आता नव्या संपादकबाई आल्या आहेत आणि त्यांना मुखपृष्ठावर माझ्या स्वतःच्या बागेचं छायाचित्र हवं आहे. छायाचित्रकार ४ मेला येणार. बाग नसेल तर सदरही नसेल, असं त्या फार गोड आवाजात म्हणाल्या.

म्हणून आज यादी केली. बोगनवेल (जिची फुलं म्हणजे खरं तर रंगवलेली पानं, मुखवट्यावरच नाव कमावलेली बाई), मधुमालती (पहिल्या दिवशी पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल, म्हणजे माणसाचा उलटा प्रवास), गोकर्ण, कृष्णकमळ. बोगनवेलीला सहा तास ऊन लागतं, पूर्वेच्या भिंतीवर तेवढं मिळत नाही, हे मी सदरात निदान पाचदा लिहिलं आहे. प्रत्यक्ष भिंतीसमोर उभा राहिल्यावर पूर्व कुठली ते समोरच्या घड्याळवाल्यांना विचारावं लागलं. ते घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचे सासरे त्यांच्या खिडकीत बसतात. सज्जन म्हातारा, मला पाहिलं की हात वर करतो.

५ मार्च

कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत गेलो. रोपवाली साठीची, मातीनं भरलेल्या हातांची आणि कोणाचंही ऐकून न घेणारी. माझी यादी तिनं पाठीमागे खोचली. म्हणाली, ही सगळी न्या, लावा, दोन वर्षांनी फुलं बघा. मेमध्ये हवीत? मग तीन गोष्टी सांगा. भिंत कुठली? ऊन किती? आणि खिडकीत कोण बसतं?

तिसरा प्रश्न माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हता. म्हटलं, थोरली बहीण. तिनं विचारलं, स्वभावानं कशी? सोशीक की तापट? मी म्हटलं, बाई, ती मुख्याध्यापिका होती. तेव्हा कुठे ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, वा, मग रंग चांगले येतील. आणि आतून एक रोप घेऊन आली. वीतभर, साधी हिरवी पानं, टोकाला दोऱ्यासारखे तंतू. नाव विचारलं तर म्हणाली, नाव घेऊन काय करता, फुलं घ्या. ती कशी आणायची? तर म्हणे, ते ज्याचं त्याला घरातच कळतं.

१२ मार्च

खड्डा खणला. हातभर खोल, शेणखत, थोडी वाळू. उजव्या तळव्यावर फोड आला. ताईनं खिडकीतून सर्व कामावर देखरेख केली. तिच्या मते मी कुदळ लेखणीसारखी धरतो. तारा ताणून खिडकीभोवती बांधल्या. संध्याकाळी तिच्यासमोर बसून चहा घेतला. फार वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो. भिंत फुलली की मी चालत जाऊन तिच्याखाली उभी राहणार, असं ती म्हणाली.

२९ मार्च

वेल रोज वीतभर चढते आहे. एक मौज अशी, की सगळी पानं उन्हाकडे पाठ करून खिडकीकडे वळली आहेत. ताई म्हणाली, सूर्यफूल सूर्याकडे बघतं, ही माझ्याकडे बघते, चला, गल्लीत एकाला तरी अक्कल आहे.

पण कळी नाही. रविवारी संध्याकाळी गल्लीतले सगळे भिंती बघत फिरतात. आमच्यापाशी घड्याळवाले थांबले आणि म्हणाले, हिरवा रंगही वाईट नाही हो, पालेभाजी म्हणून खपेल. सगळे हसले. मीही हसलो, पण ते उसनं होतं.

ताई अजून उभी राहत नाही. म्हणते, पायात जीव नाही, जड वाटतात.

१० एप्रिल

माझ्याच सदरातला माझाच सल्ला अमलात आणला. बहार हवा असेल तर झाडाला ताण द्यावा, पाणी तोडावं. दहा दिवस थेंब दिला नाही. वेल आणखी दोन हात वाढली. कळी नाही. संपादकबाईंचं पत्र : तयारी कशी काय?

१६ एप्रिल

आज घोस आला! तीन घोस, लालभडक, एकेक पसाभर! खिडकीच्या अगदी लगत. गंध थोडा लोखंडासारखा आहे, पण छायाचित्रात गंध येत नाही.

दिवसाची हकिगत क्रमानं लिहितो. सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो होतो. तिथं बोलण्यात वेळ गेला, गाडी चुकली, घरी पोचायला सहा वाजले. ताईचा पाण्याचा पेला मी स्वयंपाकघरातच विसरून गेलो होतो. सकाळपासून तिच्या घशाखाली थेंब गेला नव्हता. दाराशी मला पाहताच ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. आवाज फुटत नव्हता तरी बोलली. चूक माझीच. दोन पेले पाजले, पाय चेपले, क्षमा मागितली.

मग बाहेर आलो तर घोस.

१७ एप्रिल

आमचे जुने कवी सांगतात, की काही झाडांना फुलण्याआधी डोहाळे लागतात. अशोकाला सुंदर स्त्रीची लाथ हवी, बकुळीला तिच्या तोंडच्या मद्याची चूळ. याला ते दोहद म्हणतात. मी नेहमीच याला रसिकांचा वात्रटपणा समजत आलो.

सहज आठवलं म्हणून लिहिलं.

१९ एप्रिल

शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडतात, मग त्याचं खंडन करतात. पूर्वपक्ष असा : घोस योगायोगानं आले. खंडनासाठी आज दुपारचा पेला तीन तास उशिरा दिला. ताईला सांगितलं, पंप बिघडलाय.

चारच्या सुमारास एक घोस. लाल.

पूर्वपक्ष पडला. मीही जरा खाली बसलो.

२३ एप्रिल

आज सकाळपासून चारपर्यंत. ताई आधी रागावली, ते लाल. मग तिनं रागावणं सोडलं. म्हणाली, बाळा, एक घोट दे रे. बाळा हा शब्द तिच्या तोंडून मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ते जांभळं. अतिशय देखणा जांभळा रंग, लालाच्या शेजारी उठून दिसतो.

संध्याकाळी भरपूर पाणी दिलं. जेवणात गोड केलं. मी राक्षस नाही.

रविवारच्या फेरीत सगळे आमच्या भिंतीपुढे खिळून उभे होते. घड्याळवाले म्हणाले, आता आलात तुम्ही आमच्यात.

२५ एप्रिल

डॉक्टर येऊन गेले. हाड कधीच जुळलंय म्हणाले, या बाईंनी आतापर्यंत बाजारहाट करायला हवी होती, का उठत नाहीत? ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, यालाच विचारा, हा विद्वान आहे.

ते गेल्यावर तिच्या पायावरची शाल सारखी करायला वाकलो. खिडकीच्या फटीतून तंतू आत आले आहेत. खुर्चीच्या पायांना वेढे घालून तिच्या घोट्यांपर्यंत. शालीखाली अंधारात कोवळी पानंही फुटली आहेत. अकरा वेढे मोजले.

कात्री आणली. एक कापला. ताई कळवळली, मग तिनं पायाचा अंगठा हलवला. हलला! ती हसली. म्हणाली, काप, काप, सगळे काप पंडित.

बाहेर धप्प आवाज झाला. जाऊन पाहिलं तर सगळ्यांत मोठा घोस खाली पडला होता, काळा होऊन.

भिंतीवर मोजले. दहा घोस होते. वेढे दहा उरले होते.

छायाचित्रकार चार तारखेला येणार. नऊच दिवस. आत येऊन कात्री खणात ठेवली. ताईला म्हटलं, चार तारखेला संध्याकाळी सगळे कापतो, शपथ.

कात्री खणात जाताना तिनं पाहिली. खण बंद झाल्यावरही तिकडेच बघत होती.

२७ एप्रिल

घड्याळवाल्यांनी दुकानात बोलावलं. भिंगातून एका घड्याळाच्या पोटात बघत, मान वर न करता विचारलं, दिवसाला किती पेले देता? ते म्हणाले, आम्ही एकच देतो, सकाळी, म्हणजे दिवसभर धीर टिकतो, धीर पार संपला की रंग उतरतो हो.

माझ्या डोळ्यांसमोर तेरा खिडक्या आल्या. तेरा वर केलेले हात.

ते नमस्कार करत नव्हते.

हे मला आज कळलं असं लिहिणार होतो. पण या वहीशी खोटं बोलायचं नाही असं ठरलंय. मला ते १९ तारखेलाच कळलं असावं.

१ मे

ताई बोलत नाही. मागतही नाही. तीन दिवस सगळी फुलं पांढरी येताहेत. भिंत भिंतीसारखी दिसते. पांढरं छायाचित्रात येणार नाही.

तीन दिवस उरले.

३ मे

भरलेला पेला तिच्यासमोर धरला. तिनं ओठ पुढे केले. मी तो खिडकीबाहेर ओतला. हळूहळू. तिच्या देखत.

दुपारपर्यंत भिंत पेटल्यासारखी लाल.

उद्या संध्याकाळी कापतो. उद्या नक्की.

४ मे

छायाचित्र झालं! छायाचित्रकारानं भिंत पाहून टोपी काढली. पण त्याला चौकटीत माळीबुवा हवे होते, म्हणजे मी. खिडकीत, फुलांत बसलेला. ताईकडे पाहून जरा अडखळला. म्हणाला, बाई फार सुकलेल्या दिसतात, चित्र उदास होईल.

तेव्हा ताई चार दिवसांत प्रथम बोलली. आवाज खरखरीत, पण मुख्याध्यापिकेचाच. म्हणाली, पंडितच बसू दे, बाग त्याची आहे. तू कात्री आण, मला सोडव, यांना मला खाटेवर ठेवू दे, आणि माझ्या पाठोपाठ लगेच बस. लगेच बसलास तर गळणार नाहीत.

तिला हे कसं ठाऊक, ते विचारायचं सुचलं नाही. छायाचित्रकार घड्याळ बघत होता. कापलं, उचललं, बसलो. भिंतीवरचे घोस एकदा थरथरले आणि जागीच राहिले. एकही गळला नाही! चित्र अप्रतिम आलं असणार.

दमलोय. खुर्ची अजून तिच्या अंगानं ऊबदार आहे. जरा बसून लिहितो, मग उठतो.

५ मे

उठता आलं नाही. बसून पाय बधिर झाले असतील.

ताई काल पाच पेले पाणी प्यायली. आज भिंत धरून उभी राहिली. मला किती आनंद झाला ते तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

शाल वर करून पाहायची आहे. पाहत नाही.

६ मे

पाहिलं. सात.

कात्री मागितली. ताई काठी टेकत आली, खण उघडला, कात्री काढली, उन्हात धरून पाहिली. परत ठेवली. खण बंद केला. अगदी मी केला होता तसा, हलक्या हातानं —

७ मे

मी झोपलो असताना वही नेली होती. आज मांडीवर ठेवून गेली. पानापानावर लाल पेन्सिल. जिथं मी पूर्वपक्ष पडला असं लिहिलं तिथं समासात : उदाहरणं अपुरी, पुन्हा प्रयोग करावा.

राक्षस नाही, त्याखाली दोन रेघा. शेजारी फक्त प्रश्नचिन्ह.

काल रात्रीपासून पाणी नाही.

८ मे

रोपवाली आली होती. दोघी बाहेर भिंतीखाली उभ्या. ताई उभी होती. म्हणाली होती तशी, वेलीखाली. काठी नाही.

रोपवालीनं विचारलं, आता खिडकीत कोण बसतं? ताई म्हणाली, धाकटा भाऊ. सोशीक की तापट? ताई म्हणाली, दोन्ही नाही हो, नुसता बोलका.

हसल्या.

फुलं पिवळी येताहेत. भीतीचा रंग मला निळा वाटला होता.

घड्याळवाल्यांना हाक मारली. हात वर केला. त्यांनी अंगठा दाखवला. फार छान पिवळा, म्हणाले.

९ मे

सकाळी एक पेला. एकच. म्हणजे तिलाही कुणीतरी —

ताई, वाचशील म्हणून लिहितो. छायाचित्र छापून आलं की सदर सोडतो. सगळं सोडतो. तू म्हणशील तिथं —

(समासात लाल : वाचलं.)

१० मे

पलीकडच्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या घरापुढे गाडी थांबली. नवरा, बायको, चाकांच्या खुर्चीत म्हातारी आई. बायकोनं भिंतींकडे बघून तोंडावर हात ठेवला. किती सुंदर म्हणाली असेल.

मी हात वर केला. सगळ्या खिडक्यांत हात वर झाले. ओरडायला गेलो, जीभ टाळूला —

बायको हसली. तिनं दोन्ही हात हलवले.

तारीख माहीत नाही

ताई समोर स्टूल घेऊन बसली आहे. तिच्यापुढे पेला. काठोकाठ. पेल्यावर ऊन.

म्हणाली, बोलता येत नाही ना, मग लिही. लता. पहिल्यापासून. चुकलास तर एक वीत मागे.

लिहितो.

लता लते लताः
लताम् लते लताः
लतया लताभ्याम् लताभिः

पेला जागेवर आहे. घोटा आवळतोय. आता चौथी. इथंच मी नेहमी —

लताय — नाही, खोडतो, नाही, थांब, ताई, थांब —

एक वीत.

पुन्हा. लता लते लताः. लताम् लते. लतया. बोटांत तंतू आलाय, पेन्सिल धरवत — बाहेर काहीतरी फुटतंय, लाल, खूप — ताई वाकून खिडकीबाहेर बघते आहे, म्हणते, अरे वा पंडित, हा रंग तर मी कधी —

लता लते ल